केमोच्या काळात बदली माणूस कसा तयार करावा

कॅन्सरच्या पेशंटसोबत राहणाऱ्याला जो तो सांगतो, "स्वतःचीही काळजी घे गं." कधी घ्यायची, ते कुणी सांगत नाही. ध्यान करा, डायरी लिहा म्हणे. जिला पहाटे रक्ततपासणीची रांग आणि रात्री दोनला उलटीचा टब आहे, ती डायरी कधी लिहिणार? तिला सलग सहा तास झोप हवी असते आणि त्यासाठी पेशंट ज्याच्यावर सोपवून निर्धास्त डोळा लागेल असा दुसरा माणूस हवा. आधी सासूबाई, मग थोरला भाऊ, दोघांची केमो काढल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे.

१. कागद. रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फायलीत, प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये. झालं.

२. पैसे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण मंजुरी आधी लागते. त्यामुळे बिलाच्या खिडकीआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाला, गाठा. उपचारांसाठी रेल्वेने येणाऱ्या पेशंटला तिकिटात सवलत आहे, सोबतच्या एकालाही आहे. फॉर्म हॉस्पिटलातून भरून घ्या.

३. कॅलेंडर. बऱ्याच केमो २१ दिवसांच्या फेऱ्यांनी चालतात. साधारण ७व्या ते १४व्या दिवसाच्या दरम्यान संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तुमच्या औषधाचे नेमके दिवस डॉक्टरांना विचारा आणि त्यांच्याभोवती लाल रेघ ओढा. त्या दिवसांत पाहुणे नकोत, बारशी नकोत, बाहेरचं कापलेलं फळ नको. काकांना वाईट वाटलं तर वाटू दे.

४. बदली माणूस. खरी झुंज इथेच.

"काही लागलं तर सांग हं" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना तिथल्या तिथे काम द्या: "मंगळवारी रात्री नऊ ते सकाळी सहा तू ये." निम्मे गळतील, ते आधीच कळलेलं बरं. उरलेल्यांतला जवळचा नातेवाईक निवडण्यापेक्षा थर्मामीटर वाचणारा आणि सांगितलं तसं करणारा निवडा. पेशंटच्या उशाशी बसून रडणारी मावशी चालत नाही. गोमूत्राची बाटली घेऊन येणारा मेहुणा तर दारातूनच परत. गरोदर बाईला केमोनंतरचे पहिले दोन दिवस हे काम देऊ नका. त्या काळात लघवी-उलटीतून औषध बाहेर पडत असतं. बाकीच्यांनीही ते साफ करताना हातमोजे घालावेत, फ्लश दोनदा करावा.

निवडलेल्या बदली माणसाला एक संध्याकाळ तुमच्यासोबत बसवा आणि फ्रिजवर एक कागद चिकटवा. त्यावर गोळ्यांच्या वेळा, हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर आणि मोठ्या अक्षरांत हे: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, नाहीतर थंडी वाजून हुडहुडी, तर लगेच फोन आणि लगेच निघायचं. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. गोळीने ताप उतरतो, आतला संसर्ग तसाच राहतो, आणि पेशी कमी असताना तो काही तासांत जिवावर बेतू शकतो. धाप लागणं, नाका-हिरड्यांतून रक्त, न थांबणारे जुलाब, यांनाही हाच नियम.

एवढं करूनही पेशंट म्हणतो, "मला तूच हवीस." सासूबाई तर माझी जाऊ आली की भिंतीकडे तोंड करून निजायच्या. "तिला मुगाचं पातळ करता येत नाही," हे कारण. खरं कारण कितीतरी दिवसांनी कळलं: जावेसमोर टक्कल उघडं टाकायची लाज. शेजारच्या ताईंपुढे मात्र त्या खुशाल स्कार्फ काढून बसायच्या! म्हणून बदली माणूस ठरवण्याआधी पेशंटला विचाराच, कुणी अंघोळ घातलेली चालेल, कुणी नाही. इथे नातं बघू नका. मुलगा नको, शेजारीण चालेल, असं उत्तर आलं तर तेच.

पहिली बदली फेरीच्या तिसऱ्या आठवड्यात करा, तेव्हा पेशंटला जरा बरं वाटत असतं. पहिल्यांदा दिवसा, मग रात्री. आणि तुम्ही घरात थांबू नका. शेजारच्या खोलीत झोपलात तर पहिली हाक तुम्हालाच येईल, तुम्ही उठालही. मैत्रिणीकडे जा, माहेरी जा, फोन फक्त एकाच नंबरासाठी चालू ठेवा. परत आल्यावर खिचडी घट्ट झाली होती का, चादर कशी घातली, याची तपासणी नको. गोळ्या आणि ताप बरोबर लिहिलेले असले की बाकी सगळं माफ.

५. जेवण. भांडू नका, थोडं थोडं पुढे करत राहा. तोंड आलं असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून चुळा.

६. तुम्ही. स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पेशंटच्या डब्याशेजारीच ठेवा. संधी मिळूनही झोप येत नसेल, उगाच रडू फुटत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्हालाच सर्दी-ताप आला तर मास्क लावूनही पेशंटची उशी सारखी करायला जाऊ नका. बदली माणसाला फोन करा आणि दुसऱ्या खोलीत पांघरूण घेऊन पडा.