३१ मेच्या आधी राज्य सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेने काय करून ठेवायचं

पुढच्या पाच वर्षांत कोण कधी निवृत्त होणार याची यादी काढा. ती सगळेच काढतात. फक्त जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरून घ्या. १ तारखेचा जन्म असेल तर माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातो. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून दिलेले आपल्याकडे थोडे नाहीत, ते सगळे ३१ मेला एकदम निघतात. वर्ग चारला ६०, बाकीच्यांना ५८, हे सांगायला नको.

आता बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव याची क्रमवार नोंदवही. आरक्षण तपासणाऱ्या मागासवर्ग कक्षाकडून ती शेवटची कधी तपासून घेतलीत? आठवत नसेल तर बाकीचं बाजूला ठेवा. मागच्या खेपेला माझी यादी तयार, भरतीचं मागणीपत्र तयार, नामावली मात्र जुनी. मागणीपत्र परत आलं आणि एकेका टेबलावर दोन-दोन कार्यभार पडले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या सभरवाल निकालापासून नामावली पदांवर चालते, त्यामुळे जाणारा कुठल्या बिंदूवरचा आहे हे ठरल्याशिवाय त्याची जागा कोणत्या प्रवर्गातून भरायची तेच कळत नाही. त्यात २०२४ला एसईबीसीचे (मराठा आरक्षणाचे) १० टक्के आले, सरळसेवेचे म्हणजे थेट भरतीचे बिंदू बदलले. सरळसेवेची नामावली वेगळी, पदोन्नतीची वेगळी. दोन्ही तपासून घ्या. जुने नियुक्ती आदेश आणि जात वैधता प्रमाणपत्रं शोधण्यातच महिने जातात, म्हणून आजच सुरू करा.

जागा मोजताना आकृतिबंधातली, म्हणजे सरकारने कार्यालयाला मंजूर केलेली पदं धरा, हजेरीपटावरची माणसं नव्हे. अस्थायी पदांना मुदतवाढ आहे ना, तेही बघा. नायब तहसीलदार निवृत्त झाला की सहायक महसूल अधिकारी (पूर्वीचा अव्वल कारकून) वर जातो, त्याच्या जागी महसूल सहायक. खरी रिकामी जागा तळाशी पडते. मागणी तिची करायची, आणि तीही नामावली तपासल्यावरच. तपासल्यावरच, म्हणजे ‘प्रस्ताव पाठवला आहे’ एवढ्यावर नाही.

२० वर्षं सेवा झालेला कुणीही तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागू शकतो, तेव्हा यादीत दोन-चार ओळी कोऱ्या सोडा.

बाकी नेहमीचंच. पेन्शन प्रकरण सहा महिने आधी महालेखापालांकडे, ना-चौकशी (चौकशी चालू नसल्याचा) आणि ना-देय (देणं बाकी नसल्याचा) दाखला, रजा रोखीकरण. कपाटाच्या किल्ल्या आणि चालू फायलींची यादी निरोपसमारंभाच्या आधी ताब्यात घ्या, नंतर फोन उचलत नाहीत.