जुनी गाडी किकला दाद देत नसेल, तर आधी प्लग बघा

कार्ब्युरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग असलेली) जुनी १०० सीसी गाडी सुरू होत नसेल, तर थंड इंजिनातून स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) काढा. त्याआधी प्लगभोवतीची धूळ फुंकून टाका, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. तो पुसून वाळवा, चावी बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून चार-पाच किक मारा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही. कॉक (टाकीखालचा पेट्रोल सोडणारा खटका) तपासा, मग कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पावसाळ्यात त्यात हमखास पाणी सापडतं, तळाशी वेगळं दिसतं.

ठिणगी पाहायची तर प्लग त्याच्या वायरच्या टोकाच्या कॅपमध्ये खोचून त्याचे आटे इंजिनच्या धातूला टेकवा, चावी चालू करा आणि किक मारा. पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि सांडलेलं पेट्रोल पुसल्यावरच! वाफ पेटते. ठिणगी निळसर हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर सरळ नवा प्लग टाका, घासत बसू नका.

बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा. प्लग ज्यात बसतो ते हेड ॲल्युमिनियमचं असतं. पाना लावून तिरका घुसवलेला प्लग आटे खातो आणि तो खर्च मोठा असतो.