भावकीच्या थोरल्या घराची नोंद अशी करा

आधी देव्हारा. साताऱ्यात माण तालुक्यातल्या आमच्या थोरल्या घरी चांदीचे टाक, म्हणजे देवांच्या उठावाच्या छोट्या पत्र्या, आहेत; खंडोबा घासून घासून गुळगुळीत झालाय, घोड्याचा पाय तेवढा बोटाला लागतो. कुठला टाक कुणी बसवला, हे चुलतीला विचारा. पुरुषांना वाटण्याच पाठ असतात. मग देवक, म्हणजे कुळानं पूज्य मानलेलं झाड, प्राणी किंवा वस्तू, लिहा. एका देवकात सोयरीक होत नाही. सातबारा, फेरफार शेवटी काढले तरी चालतील.

आग्नेय आशियातल्या पूर्व तिमोर देशाच्या मकासाए लोकांच्या कुळघरातही पूर्वजांच्या वस्तू जपतात, सोयरिकीचं नातं घराघरांत मोजतात. इंडोनेशियाच्या ताब्यात (१९७५–१९९९) त्या देशातली कित्येक कुळघरं नष्ट झाली, नंतर लोकांनी पुन्हा बांधली.

चुलतीचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. यात्रेला सगळी गावी येतात, तेव्हाच उरका.