चोवीस तास चालवायला जुना डेस्कटॉप घेताय? या चुका टाळा

गुहागरच्या घरी कॅमेऱ्यांसाठी मी एक जुना डेस्कटॉप लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून चोवीस तास चालू ठेवलाय. मागच्या पावसाळ्यात तिथून नानांचा फोन. "अरे, तुझा तो डबा बंद पडलाय. कॅमेरे दिसत नाहीत." रात्री वीज गेली होती, सकाळी आली. फ्रीज सुरू झाला, पंखे फिरायला लागले, डबा मात्र ढिम्म. मी पुण्यात. शेवटी नानांनी तो उचलून टीव्हीला जोडला आणि फोनवर वाचून दाखवलं: तारीख-वेळ चुकीची आहे, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. कीबोर्ड? तो मी येताना पुण्याला घेऊन आलो होतो.

लिनक्सचा यात काहीच दोष नाही. बिचारं सुरूच झालं नव्हतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर-२०३२ सेल असतो, तो संपला होता. वीज असेपर्यंत हे कळत नाही. वीज गेली की मशीन वेळ विसरतं आणि माणसाची वाट बघत बसतं. म्हणून जुनं मशीन घरी आलं की पहिल्याच दिवशी हा सेल बदला. घड्याळवाल्याकडे वडापाव-चहाच्या पैशात मिळतो.

मग बायोसमध्ये (विंडोज किंवा लिनक्सच्या आधी सुरू होणारा, मदरबोर्डवरचा सेटिंगचा प्रोग्राम) जाऊन 'वीज परत आल्यावर काय करायचं' ही सेटिंग शोधा. डेलमध्ये ती 'एसी रिकव्हरी' नावाने असते, एचपी आणि लेनोवोमध्ये 'आफ्टर पॉवर लॉस'. ती 'पॉवर ऑन'वर ठेवा. नुसती ठेवून थांबू नका. मशीन बंद करा, कीबोर्ड-मॉनिटर काढा, प्लग रात्रभर काढून ठेवा आणि सकाळी फक्त भिंतीवरचं बटण दाबा. आपोआप उठलं तरच ते गावी न्यायच्या लायकीचं. काही मशीन कीबोर्ड नाही म्हणूनही अडून बसतात, तेही इथेच कळतं.

आता खरेदीकडे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणारी ही बरीचशी मशीन ऑफिसांनी काढून टाकलेली असतात, आणि काहींवर बायोसचा पासवर्ड तसाच असतो. "काय लागत नाही साहेब, विंडोज चालू होतंय ना?" असं दुकानदार सांगतो. होतं, पण वरची सेटिंग बदलता येत नाही. त्यामुळे दुकानातच बायोस उघडून एखादी सेटिंग बदलून बघा: डेलला एफ-टू, एचपीला एफ-टेन, लेनोवोला एफ-वन. हे करू देत नसतील तर सरळ पुढच्या दुकानात जा.

'आय-फाइव्ह' या इंटेल प्रोसेसरच्या स्टिकरला भुलू नका. २०११ चा आय-फाइव्ह २४०० आणि २०१८ चा आय-फाइव्ह ८५००टी, दोघांवरही आय-फाइव्हच लिहिलेलं. नंबरच्या मागे 'टी' असेल तर तो कमी वीज खाणारा, बहुतेक वेळा ३५ वॅटचा प्रोसेसर, आपल्या कामाला उत्तम. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या मशीनना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्यामुळे विंडोजवाल्यांना ती नकोशी झाली आहेत. लिनक्सला काही फरक पडत नाही. घासाघीस करायला हा मुद्दा सोन्यासारखा आहे.

फुकट मिळालेला जुना टॉवर (मोठ्या उभ्या कॅबिनेटचा पीसी) मात्र महाग पडतो, हे मला मीटरने शिकवलं. १ वॅट वर्षभर जळला की ८.७६ युनिट होतात. काही न करता ६० वॅट खाणारा टॉवर वर्षाला ५२५ युनिट घेतो, १२ वॅटवर बसणारी मिनी (छोट्या डब्याएवढा पीसी) १०५. युनिटला १० रुपये धरले तरी फरक ४,२०० रुपयांचा. शिवाय टॉवरचे महिन्याचे ४४ युनिट एखाद्या घराला महावितरणचा १०० युनिटांचा टप्पा सहज ओलांडायला लावतात.

खरेदीला जाताना लिनक्स मिंट या लिनक्सच्या आवृत्तीचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा) पेन ड्राइव्ह खिशात ठेवून जा. त्यात 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्राममध्ये हार्ड डिस्कची 'स्मार्ट' माहिती, म्हणजे तिची तब्येत आणि ती किती तास चालली, हे दिसतं. ४३,८०० तास म्हणजे डिस्क पाच वर्षं अखंड फिरलेली. 'रिअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टर (डिस्कचे खराब झालेले किंवा संशयास्पद भाग) शून्याच्या वर असतील तर डिस्कची किंमत शून्य धरून बोला. मी तर जुनी डिस्क घेतच नाही, नवी एसएसडी टाकतो.

मिनीसोबत मिळणारा अडॅप्टरही उलटून बघा, मशीनच्याच कंपनीचा आहे ना. डेलला तो ओळखता आला नाही, तर सुरू होताना इशारा येतो, प्रोसेसरचा वेग उतरतो आणि बऱ्याचदा पुन्हा तेच, एफ-वन दाबा.

सगळं नीट करूनही दर वीस मिनिटांनी मशीन गायब होत असेल, तर ते बिघडलेलं नाही, झोपलंय. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स आवृत्त्यांच्या डेस्कटॉपमध्ये 'ऑटोमॅटिक सस्पेंड' बंद करा. मॉनिटर लावायचाच नसेल तर सरळ सर्व्हर आवृत्ती (डेस्कटॉपचा पडदा नसलेली) टाका, ही भानगडच नको. आणि यूपीएस घ्याल तेव्हा राउटरचा प्लगही त्यातच खोचा. डबा जागा आणि राउटर मेलेला, हा प्रकारही नानांनी मला फोनवर ऐकवून झालाय.