मर्यादित बजेटात पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना या चुका टाळा

हातात वीस हजार रुपये आहेत म्हणून वीस हजारांची गिटार घेणे ही सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. इलेक्ट्रिक गिटार हे एकट्याने पूर्ण होणारे वाद्य नाही. तारेचे कंपन पिकअप टिपतो, त्याचा विजेचा क्षीण संकेत केबलमधून अ‍ॅम्पकडे जातो आणि आपण ज्याला गिटारचा आवाज म्हणतो तो तेथे तयार होतो. म्हणून वीस हजारांपैकी बारा-तेरा हजार गिटारसाठी, चार-पाच हजार लहान अ‍ॅम्पसाठी आणि उरलेले पैसे चांगली केबल, तारांचा एक जादा संच, पट्टा आणि जाणकाराकडून करून घ्यायचा सेटअप (तारांची उंची, दांडीचा बाक आणि सूर जुळवणे) यांसाठी ठेवावेत, असे माझे मत आहे. यांतील सेटअपचा खर्च लोक सर्वांत आधी वगळतात. मी मात्र तो सर्वांत शेवटी वगळीन, कारण नीट जुळवलेली बारा हजारांची गिटार न जुळवलेल्या वीस हजारांच्या गिटारपेक्षा शिकणाऱ्याला अधिक साथ देते.

अ‍ॅम्पचा खर्च वाचवण्यासाठी घरच्या म्युझिक सिस्टिमला गिटार जोडली जाते आणि आवाज बोथट, दबलेला येतो. यात गिटारचा दोष नसतो. पिकअपला सुमारे एक मेगाओहम रोधाचा इनपुट लागतो आणि म्युझिक सिस्टिमचा इनपुट त्यापेक्षा फारच कमी असल्यामुळे वरचे स्वर गळून जातात. ब्लूटूथ स्पीकर तर या कामासाठी निरुपयोगीच आहे, कारण तार छेडल्यानंतर शंभराहून अधिक मिलिसेकंदांनी ऐकू येणाऱ्या आवाजावर हात लयीत राहू शकत नाही. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एकमेकांना चिकटलेल्या घरांत शेजाऱ्यांचा विचार करावा लागत असेल, तर थेट गिटारच्या जॅकमध्ये बसणारा व्हॉक्सच्या अ‍ॅमप्लगसारखा हेडफोन अ‍ॅम्प हा सरावापुरता उत्तम पर्याय आहे. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून अ‍ॅम्प मागवण्यापूर्वी मात्र त्याच्या मागील पट्टीवर लिहिलेले व्होल्टेज विचारून घ्यावे. केवळ 120 व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये लावला की तो जळण्याचीच शक्यता अधिक असते.

दिसण्यावर जाऊन निवडलेला ब्रिज

टोकदार आकाराची, काळी, फ्लॉइड रोज पद्धतीच्या ब्रिजची गिटार दुकानात फार आकर्षक दिसते. या रचनेत ब्रिज, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जेथे अडकवलेल्या असतात तो भाग, मागील स्प्रिंगांच्या ताणावर तरंगत असतो, म्हणजे एका तारेचा ताण बदलला की उरलेल्या पाचही तारा हलतात. नवशिक्याला एक तुटलेली तार बदलायला संपूर्ण संध्याकाळ लागते. स्वस्त प्रतींत ज्या धारेवर हा ब्रिज टेकतो ती धार लवकर झिजते आणि मग गिटार सुरात राहतच नाही. माझी पहिली गिटार याच प्रकारची होती आणि पहिल्या वर्षातला माझा निम्मा सराव ती जुळवण्यातच गेला, याचे मला आजही वाईट वाटते. पहिल्या गिटारसाठी न हलणारा ब्रिज घ्यावा. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारसारखा साधा ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने हलवता येणारा ब्रिज, असेल, तर मागील स्प्रिंगांचे स्क्रू आवळून तो लाकडी अंगावर घट्ट टेकवून ठेवता येतो.

घूं असा आवाज

नवी गिटार घरी आणल्यावर सर्वप्रथम येणारी तक्रार म्हणजे अ‍ॅम्पमधून सतत येणारी घूंघूं. सिंगल कॉइल पिकअप हा मुळात तारेचे वेटोळे असल्याने आसपासच्या विजेच्या 50 हर्ट्झच्या स्पंदनांचाही तो अँटेना होतो. हमबकर या दुसऱ्या प्रकारच्या पिकअपमध्ये दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडलेली असल्यामुळे दोन्हींतील घूं एकमेकींना बरीचशी रद्द करते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास हा उपाय शोधला, तो याच त्रासापायी. त्यामुळे ज्यांना आवाजाचा कोणता पोत आवडेल हे अजून ठाऊक नाही, त्यांनी ब्रिजजवळ एक हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशी रचना घ्यावी. यामाहाची पॅसिफिका 012 ही तशीच आहे.

पण घूं आली की लगेच पिकअप बदलण्याचा विचार करू नये. आधी तारांना हात लावून पाहावा. हात लावताच आवाज कमी होत असेल, तर गिटारमधील जोडणी ठीक आहे आणि उपद्रव बाहेरून येत आहे. हात लावल्यावर तो वाढत असेल, तर ब्रिजकडे जाणारी वायर सुटलेली असण्याची किंवा घरातील अर्थिंग नसण्याची शक्यता आहे. जुन्या वाड्यांत अजूनही कित्येक प्लग दोन पिनांचे आहेत. अशा ठिकाणी अ‍ॅम्पची तिसरी पिन मोडून तो लावणे धोक्याचे आहे, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून आधी अर्थिंग करून घ्यावे. त्यानंतर पंख्याचा रेग्युलेटर आणि कूलर बंद करून ऐकावे. कूलरच्या मोटारीपासून चार पावले दूर सरकल्यावर घूं निम्म्याने उतरल्याचे मी अनेक घरांत अनुभवले आहे.

बेसूर कशाला म्हणायचे

ग्वाल्हेर शहरात 1918 पासून माधव संगीत महाविद्यालय आहे आणि मराठी घरांत गाण्याचे कान तयार असलेली माणसे आजही कमी नाहीत. त्यामुळे येथे गिटारबद्दल एक वेगळीच तक्रार येते, जिच्याकडे विक्रेते सहसा लक्ष देत नाहीत. माझी भाची आजीकडे गाणे शिकते. नवी गिटार आणल्यावर चौथ्याच दिवशी ती म्हणाली, “मामा, ही परत कर. सा आणि प तानपुऱ्याशी मिळतात, पण गांधार चढाच लागतो.” ट्यूनर प्रत्येक स्वर अचूक दाखवत होता आणि तिचा कानही अचूक होता.

गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. त्यामुळे पंचम तानपुऱ्याच्या पंचमापासून जेमतेम 2 सेंटने (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) सरकतो आणि कोणाला खटकत नाही. पण तानपुऱ्यात आपोआप उमटणारा शुद्ध गांधार षड्जापासून सुमारे 386 सेंटवर असतो, तर गिटारचा गांधार 400 सेंटवर, म्हणजे 14 सेंट चढा असतो. धैवताचा फरक सुमारे 16 सेंट आहे. समान सप्तकात जुळवलेल्या हार्मोनियमवरही हेच घडते. हा दोष नाही आणि महागडी गिटार घेऊनही तो जात नाही. म्हणून गिटार परत करण्यापूर्वी खरा बेसूरपणा आणि हा स्वभाव वेगळे ओळखता आले पाहिजेत.

त्यासाठी तीन ठिकाणी ऐकावे. मोकळी तार बरोबर जुळलेली असून पहिल्या तीन पडद्यांवरील स्वर चढे येत असतील, तर नटमधील, म्हणजे दांडीच्या डोक्याकडील टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यातील, खाचा उथळ आहेत आणि तार दाबताना ती ताणली जाते. खाचा थोड्या खोल करणे हे कारागिराचे काम आहे, कारण जास्त घासलेली खाच परत भरणे सोपे नसते. दुसरे, बाराव्या पडद्यावर तारेला बोट केवळ स्पर्शून काढलेला स्वर आणि तेथेच दाबून काढलेला स्वर यांची तुलना करावी. दाबलेला स्वर चढा असेल, तर ब्रिजवरील सॅडल (तार ज्यावर टेकते तो छोटा भाग) मागे, म्हणजे नटपासून दूर न्यावे आणि उतरा असेल तर पुढे आणावे. एका स्क्रूड्रायव्हरने घरीही जमणारे हे काम आहे, मात्र ते नव्या तारांवरच करावे, कारण जुन्या, गंजलेल्या तारेवरील मोजणी विश्वासार्ह नसते. तिसरे, या दोन्ही गोष्टी ठीक असून काही सुरावटीच चढ्या वाटत असतील, तर बोटाचा दाब पाहावा. बारीक तारेवर नवशिका गरजेपेक्षा दुप्पट जोर लावतो आणि स्वर वर जातो. भाचीच्या गिटारमध्ये बारावा पडदा निर्दोष निघाला आणि गिटार परत गेली नाही.

दर दहा मिनिटांनी गिटार उतरत असेल, तर खुंट्यांना दोष देण्यापूर्वी तारा नीट ओढून स्थिरावल्या आहेत का आणि खुंटीवर त्यांचे दोन-तीन व्यवस्थित वेढे आहेत का, हे पाहावे. जुळवताना तार “टिक्” असा आवाज करून एकदम उडी घेत असेल, तर ती नटमध्ये अडकते आहे. त्या खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासल्याने बहुधा काम भागते.

दुकानात काय तपासावे

वाजवता येत नाही म्हणून संकोच बाळगू नये. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदा दाबून छेडावी. कोठे आवाज मरत असेल किंवा खरखर अ‍ॅम्पमधूनही ऐकू येत असेल, तर ती गिटार बाजूला ठेवावी. अ‍ॅम्पशिवाय ऐकू येणारी किंचित खरखर चालते. बाराव्या पडद्यापाशी तारांची उंची साधारण दीड ते दोन मिलिमीटर असावी. पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबला असता सातव्या-आठव्या पडद्यापाशी व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढीच फट असावी. नंतर सर्व नॉब फिरवावेत आणि जॅकमधील केबल हलवून पाहावी. वसतिगृह सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून जुनी गिटार घेत असाल, तर शिवाय डोक्याच्या मागील बाजूस जोडकामाची रेघ नाही ना आणि ट्रस रॉडचा, म्हणजे दांडीचा बाक सांभाळणाऱ्या आतील धातूच्या सळईचा, नट खरोखर फिरतो ना, हे बघावे.

आधी दोन वर्षे अकूस्टिकच वाजवायला हवी, असा सल्लाही येथे सर्रास मिळतो. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक आणि खाली असतात, बोटे कमी दुखतात. ज्याला तीच वाजवायची आहे त्याने तीच घ्यावी.

हवामान

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, लू (उष्ण वारा) वाहते आणि लाकडी दांडी आकसते. तळहात दांडीच्या कडेवरून फिरवताना पडद्यांची टोके बोचू लागली, तर ती गिटार खराब झाली असे समजू नये. कारागीर ती टोके कानशीने गुळगुळीत करून देतो. कोरड्या हवेत दांडी मागे झुकून पहिल्या पाच पडद्यांवर खरखर येते आणि पावसाळ्यात बहुधा ती पुढे वाकून तारा उंच होतात. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि पुढे फिरवण्यापूर्वी एक दिवस थांबावे. कूलरच्या झोतासमोर भिंतीला गिटार टांगणे ही आपल्याकडची खास चूक आहे. तो चालू असताना खोली दमट होते, बंद केल्यावर पुन्हा कोरडी, आणि हा हेलकावा दिवसातून दोनदा लाकडाला आणि तारांना सोसावा लागतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसून गिटार पिशवीत घालावी, पिशवी आतील भिंतीशी उभी ठेवावी आणि सेटअप एकदा एप्रिलअखेर व एकदा जुलैत तपासून घ्यावा.