कोरड्या बागेसाठी पिवळी काटेकोरांटी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा रोज पाणी मागणाऱ्या झाडांपेक्षा आपल्याच मातीतली पिवळी काटेकोरांटी लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. हे बहुवर्षायू रानफूल एकदा रुजले की अगदी थोड्या पाण्यावर तग धरते. खरा धोका असतो तो पावसाळ्यात. येथील काळी चिकण माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात, म्हणून वाफा वीतभर उंच करून त्यात मुरूम आणि भरड वाळू सढळ हाताने मिसळावी. जूनअखेरीस, दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर, तीन-चार पेरांची छाटकलमे त्यात लावावीत. पहिल्या उन्हाळ्यात मात्र आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्यावे आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. खत जवळजवळ लागतच नाही. हिवाळी बहर ओसरल्यावर फांद्या एक तृतीयांश छाटल्यास झुडूप भरगच्च होते. पानांवर अळ्या दिसल्या तरी कृपया औषध फवारू नये, कारण यलो पॅन्सी या देखण्या फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात. काटे तीक्ष्ण असल्याने मुलांच्या वावरापासून दूर, कुंपणालगतची जागा निवडावी.