ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीवर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या पोरांचे सराव पेपर तपासताना पहिल्या ओळीवरच कळतं, याने पुस्तक वाचलंय की एका पानाच्या नोट्स. ‘१७५७ साली प्लासीची लढाई झाली आणि भारतात इंग्रजांचं राज्य सुरू झालं.’ लाल पेन तिथेच उघडतं.

मागे एका सराव मुलाखतीत एकाने हेच वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. समोर महसूल खात्यातून निवृत्त झालेले साहेब बसले होते. त्यांनी विचारलं, “१७५८ साली बंगालचा शेतसारा कुणाच्या नावाने वसूल होत होता?”

“कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हच्या, सर.”

“मग १७६५ साली मुघल बादशहा शाह आलमकडून दिवाणी, म्हणजे सारावसुलीचा हक्क, कशाला घेतली बाबा त्याने?”

पोरगं गप्प. पाठांतराचं हे असंच असतं, पुढचा प्रश्न आला की गाडी बंद.

प्लासीनंतर मुर्शिदाबादच्या गादीवर मीर जाफर बसला. कंपनीला नुकसानभरपाई म्हणून रोकड मिळाली, चोवीस परगण्यांची जमीनदारी मिळाली, दरबारात वजन वाढलं. पण नवाब नवाबच होता. कंपनीचे नोकर मात्र दस्तक, म्हणजे कंपनीच्या मालाचा जकातमाफीचा परवाना, दाखवून स्वतःचा खासगी माल जकात न भरता नेऊ लागले, देशी व्यापारी बुडू लागले. वैतागून मीर जाफरनंतर नवाब झालेल्या मीर कासिमने जकात सगळ्यांनाच माफ करून टाकली. इंग्रजांची सवलत गेली आणि युद्ध पेटलं. २२ ऑक्टोबर १७६४ ला बक्सारला मीर कासिम, अवधचा शुजाउद्दौला आणि बादशहा असे तिघांचे पक्ष हरले. १२ ऑगस्ट १७६५ ला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी कंपनीकडे आली, बदल्यात बादशहाला वर्षाला २६ लाख रुपये.

खरी मेख इथे आहे. तोवर इथलं कापड विकत घ्यायला इंग्लंडहून चांदी आणावी लागे. आता बंगालच्या सारावसुलीतून बंगालचाच माल उचलायचा आणि शिपायांचे पगारही त्यातूनच भागवायचे. पाचच वर्षांत, १७७० ला, भयंकर दुष्काळ पडला, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. तरी १७७१ ची वसुली १७६८ पेक्षा जास्त भरली, हे खुद्द कंपनीचा बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने लिहून ठेवलंय. हा भाग गाळून थेट तैनाती फौजेवर (संस्थानिकांच्या खर्चाने त्यांच्याकडे ठेवलेली कंपनीची फौज) उडी मारणाऱ्याला मी अर्धेच गुण देतो. कुणी कुरकुरलं तरी देतो.

माझी सवय सांगतो. कुठलीही सनावळी लिहिली की समासात दोन प्रश्न टिपायचे: त्या साली वसुली कोण करत होतं, आणि फौजेचा पगार कोण देत होतं? दहा मिनिटांच्या व्हिडिओत हे मिळत नाही. ज्याला घाई आहे त्याने दुसरा विषय घ्यावा.

दुसरी आवडती चूक म्हणजे ‘इंग्रज १६०० पासून राज्य करायच्याच हेतूने आले.’ अहो, १६०० ची सनद व्यापाराची होती. १६८६ मध्ये कंपनीने औरंगजेबाशी पंगा घेतला, तेव्हा काय झालं? बादशहाच्या बाजूच्या जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतने मुंबई बेटावर उतरून किल्ल्याला वेढा घातला आणि शेवटी कंपनीने माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला. कटाची थिअरी लिहायला सोपी, म्हणून सगळे तीच लिहितात.

बाकीच्या चुका पटापट. कंपनी म्हणजे ब्रिटिश सरकार नव्हे; १७७२ ला तीच सरकारकडे कर्ज मागत गेली, त्यावरूनच कंपनीवर सरकारी देखरेख आणणारा १७७३ चा रेग्युलेटिंग अॅक्ट आला. पानिपतानंतर मराठे संपले असं लिहू नका, १७७९ ला वडगावला इंग्रजांनाच शरणागतीचा करार करावा लागला होता. १८१८ ला पेशवाई बुडण्याआधी दिल्लीचं काय झालं, हेही वाचा; ती १८०३ लाच इंग्रजांच्या हाती पडली. आणि १८५८ ला गेली ती कंपनीची सत्ता. कंपनी कागदोपत्री १८७४ पर्यंत होती, हे वाक्य शंभरात एखादाच लिहितो.